पूर्वेचा कठडा

हैदराबादेत जन्म काढलेल्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, हा थोडासा आगाऊपणाच म्हटला पाहिजे. आमच्याकडून मच्छलीपट्टणचा समुद्र गाठायचा, तर तीनशेच्या वर किलोमीटरांची वाट धरावी लागते. ही उणीव आमच्या जुन्या राज्यकर्त्यांना मनातून खुपत असावी. कारण त्यांनी जिथे म्हणून पाणी अडवले, तिथे त्याला ‘सागर’ हे नाव देऊन टाकले. कुतुबशाहांच्या काळी सोळाव्या शतकात बांधलेला तलाव तो हुसेनसागर. १९०८ साली मुसी नदीला महापूर आला आणि शहराचा मोठा भाग वाहून गेला, त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने जे दोन जलाशय झाले ते उस्मानसागर आणि हिमायतसागर. पहिला १९२० मध्ये पुरा झाला, दुसरा १९२७ मध्ये. असे तीन तीन सागर उशाशी घेऊन आम्ही मंडळी निश्चिंत झोपतो.

माझी आई १९५८ च्या नोव्हेंबरात लग्न होऊन वेंगुर्ल्याहून काचीगुड्यातील आमच्या घरी आली. वडील रेल्वेच्या सिकंदराबादच्या कचेरीत कारकून होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नव्या नवरीला सायकलरिक्षात बसवून हुसेनसागराच्या बांधावर नेले आणि मोठ्या अभिमानाने सांगितले, “हा आमचा समुद्र.” आईने पुष्कळ वेळ त्या पाण्याकडे पाहिले आणि मग विचारले, “याला भरती कधी येते?”

ही गोष्ट वडील पुढे जन्मभर आल्यागेल्याला विनोद म्हणून सांगत. ऐकणारे हसत. आई हसत नसे, हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षे लागली.

२०२३ च्या डिसेंबरात माझ्या मुलीने मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन येणाऱ्या सहलीच्या जहाजाची तिकिटे काढली आणि आम्हांला कळवले, तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया नकाराचीच होती. चार रात्री पाण्यावर, आणि बरोबर पंच्याऐंशी वर्षांची आई! परंतु आईने विचार करायला वेळ घेतलाच नाही. “बोट मुंबईहूनच सुटते ना? आणि येताना कोकणाच्या बाजूनेच येणार ना?” एवढे दोन प्रश्न तिने विचारले आणि ट्रंक उघडून लुगडी निवडायला बसली. या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याला मी “हो” म्हटले. त्या “हो”चा अर्थ मला शेवटच्या दिवशी कळला.

त्या जहाजाचे वर्णन मी लांबवीत नाही. अकरा मजले, उद्वाहक, झुंबरे, नाचगाण्याची दिवाणखानी, जुगाराची मेजे आणि चोवीस तास चाललेले खाणे. आमच्याकडच्या एखाद्या निजामकालीन लग्नात असे सगळे एके ठिकाणी सापडले असते, फक्त ते हलत नसते इतकेच. वरच्या मजल्यावर एक पोहण्याचे टाके होते. अथांग अरबी समुद्राच्या मध्यभागी माणसांनी आणखी एक टाके भरून घ्यावे आणि त्यातच डुंबावे, हे पाहून मला आमच्या तीन सागरांची आठवण झाली आणि मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच, असे वाटून थोडे बरे वाटले. तिसऱ्या दिवशी अगत्ती बेटाबाहेर जहाज नांगरले. प्रवाळाच्या त्या उथळ सरोवरात मोठ्या जहाजाला वाव नाही, म्हणून उतारूंना लहान होड्यांतून नेतात. होड्या बाजूला येऊन लागल्या, खालीवर होऊ लागल्या, आणि खलाशांनी बायकांचे दंड धरून त्यांना आत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आई वरून ते पाहून एकाएकी हसू लागली. “अगदी आमच्या वेंगुर्ल्याचे पडाव!” ती म्हणाली. उतरायला मात्र ती तयार झाली नाही. तिला बेटे पाहायची नव्हतीच.

वेंगुर्ल्याला आगबोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावातून तिच्यापर्यंत जात, एवढे मी ऐकून होतो. पणजीकडून येणाऱ्या त्या कोकणबोटी वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत घेत मुंबईला भाऊच्या धक्क्यावर पोचत. पावसाळ्यात बोटी बंद. ज्यांच्या घरची माणसे मुंबईत होती त्यांना बोट चालू होणे म्हणजे काय, ते कोकणातल्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. मला स्वतःला ते पुस्तकातूनच माहीत. इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून मी कोकणाविषयी जेवढे वाचले, त्याच्या दशांशही मी आईला कधी विचारले नाही.

अगत्तीहून संध्याकाळी सहाच्या सुमारास नांगर उचलला आणि दुसरा सबंध दिवस, म्हणजे सहलीचा अखेरचा दिवस, पाण्यावर जायचा होता. अशा दिवसाला स्वतःचे असे एक विचित्र स्वरूप असते. पाहण्यासारखे आता काही उरलेले नसते आणि परतीची चिंता अजून पुरती सुरू झालेली नसते. सकाळीच दाराखालून एक कागद आला: सामानाला पट्ट्या बांधून रात्री पेट्या दाराबाहेर ठेवाव्यात, हिशेब चुकता करावा, उद्या सकाळी अमुक वाजता न्याहारी. तो कागद वाचल्यापासून आमच्या मजल्यावरच्या मंडळींत एक प्रकारची घाई संचारली. तीन दिवस जे आळसात लोळत होते, ते आता एकेका गोष्टीचा हक्क वसूल करून घेऊ लागले. जेवणघरात ताटे काठोकाठ भरली जाऊ लागली. शेजारच्या खोलीतले सुरतेचे कुटुंब आणि आमच्याच गावचे एक तेलुगू कुटुंब यांची इतके दिवस नुसती मानेने ओळख होती. त्यांनी आता एकमेकांचे पत्ते लिहून घेतले. ते पत्ते कोणी कधी उघडून पाहणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. तथापि लिहून घेताना दोघांच्याही चेहऱ्यावर खरी माया होती, हेही मी पाहिले. खुद्द समुद्राकडे मात्र कोणी पाहत नव्हते. तो चारही बाजूंना होता, म्हणूनच कदाचित.

आई सकाळपासून वरच्या मजल्यावर, उजव्या हाताच्या कठड्याजवळ खुर्ची टाकून बसली होती. जहाज उत्तरेला चालले होते. तेव्हा ती बाजू पूर्वेची. तिथे ऊन होते. मी दोनदा खुर्ची सावलीत नेण्याविषयी सुचवले, दोन्ही वेळा तिने “हौ, थोड्या वेळाने” म्हणून मला वाटेला लावले. (हा ‘हौ’ तिने आमच्या गावात कमावलेला. पासष्ट वर्षांत तिच्या बोलण्यात उर्दू आले, तेलुगू आले, आमच्या मराठवाडी आजीचे हेल आले. माहेरची बोली मात्र आमच्या घरात तिने कधी काढली नाही. बोलणार तरी कोणाशी? १९५६ साली राज्ये पुन्हा मांडली गेली, मराठवाडा मुंबईकडे गेला आणि हैदराबादचे मराठी लोक मागे राहिले. त्या बेटावर आई आणखी एक लहानसे बेट होऊन राहिली होती. या नियतकालिकाची कोकणी पाने मी तिच्यापुढे करतो आणि ती ती मला मराठीत सांगते. तिची लिहिण्याची भाषा ती नव्हे, पण कानाला ती जवळची आहे, असे ती म्हणते.)

दहाच्या सुमारास चहा देणारा एक तरुण तिच्यापाशी थांबला. त्याने इंग्रजीत काहीतरी विचारले. आईने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले आणि विचारले, “तू खंयचो रे, बाबा?”

मुलगा क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, “हांव पेडण्याचो, आजी.”

“मगे शेजारचोच मरे तू!”

पेडणे आणि वेंगुर्ले यांच्यामध्ये तेरेखोलची खाडी. एका काठी गोवा आणि दुसऱ्या काठी आपला सिंधुदुर्ग. त्यानंतर जे सुरू झाले ते अर्धा तास चालले. मुलगा आपले काम सांभाळून दर पाच मिनिटांनी परत येई आणि सुटलेला धागा पुन्हा हाती घेई. मधेच त्याने खलाशांच्या स्वयंपाकघरातून एका कॉफीच्या पेल्यात उकड्या तांदळाची पेज आणून दिली. ती पिताना आईने डोळे मिटून घेतले. मी बाजूच्या खुर्चीवर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. त्यांची बोली मला निम्मी कळत होती, निम्मी निसटत होती. त्रेसष्टाव्या वर्षी मी माझ्या आईचे बोलणे चोरून ऐकत होतो आणि ते मला पुरते कळत नव्हते, याची जी लाज वाटली ती मी इथे लपवीत नाही.

त्याने तिला विचारले असावे, की एवढ्या लांब हैदराबादेस कशी काय दिली. आई म्हणाली, “बापाशीन माका सुक्यार दिल्यान.”

सुक्यार, म्हणजे कोरड्यावर. एवढे मला कळले. पुढचे मी जुळवून घेतले ते असे.

१७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि मुंबई बंदराच्या तोंडाशीच वादळात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या बोटीवर आजोबांचा एक बालमित्र होता. दोघे एका पाटीवर शिकलेले. प्रेत मिळाले नाही. आजोबांनी त्या दिवसापासून समुद्राकडे तोंड करून ओटीवर बसणे सोडले, असे आई त्या मुलाला सांगत होती. आणि आईच्या लग्नाच्या वेळी मालवणचे आणि रत्नागिरीचे चांगले स्थळ चालून आलेले असताना त्यांनी ती दोन्ही मोडून निजामाच्या मुलखातले स्थळ पत्करले. का, ते घरात कोणाला सांगितले नाही. “दर्यान माणसां खाल्ल्यान म्हणान,” आई म्हणाली. पण हे तिला कळले ते पुढे पुष्कळ वर्षांनी, मामाच्या तोंडून. त्या वेळी तिला एवढेच दिसत होते, की आपल्या बापाने आपल्याला हाताला येणार नाही अशा ठिकाणी फेकून दिले.

वीस वर्षांची मुलगी, ती रागावली. वेंगुर्ल्याच्या बंदरावर आजोबा निरोप द्यायला उभे होते. पडाव बोटीला लागला, आई वर चढली आणि सरळ पलीकडच्या बाजूला, समुद्राच्या अंगाला, वळकटीवर जाऊन बसली. बोट सुटेपर्यंत ती इकडे आली नाही. बरोबरच्या बायका हाका मारीत होत्या: अगं ये, तुझे बाबा धोतराचा सोगा हलवताहेत. ती गेली नाही. मालवण येईपर्यंत तिने जमिनीकडे तोंड केले नाही.

आजोबा १९६० च्या आषाढात वारले. तार आली तेव्हा बोटी बंद होत्या. पण बोटी चालू असत्या तरी आई गेली नसती, जाऊ शकली नसती. कारण तिला सातवा महिना होता. तिच्या पोटात मी होतो.

मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि खाली खोलीत गेलो. तिथे काही काम नव्हते. पेटीतले कपडे काढून पुन्हा भरले.

त्यानंतर आई वेंगुर्ल्याला गेली नाही असे नाही. कोल्हापूरहून आंबोलीचा घाट उतरून गेली; कोकण रेल्वे झाल्यावर कुडाळला उतरून गेली. आम्ही भावंडेही तिच्याबरोबर दोन-तीनदा गेलो, बंदरावर फिरलो, शेंगदाणे खाल्ले. तेव्हा ती त्या जागी उभी राहून समुद्राकडे पाही. पण बोटीवरून जमिनीकडे पाहणे राहिले होते, ते रस्त्याने आणि आगगाडीने जाऊन होण्यासारखे नव्हते. “येताना कोकणाच्या बाजूनेच येणार ना?” या प्रश्नाला मी मान डोलावली होती.

खोलीतल्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जहाजाचा नकाशा दिसतो. त्यात एक बारीक ठिपका असतो आणि खाली अक्षांश-रेखांश. दुपारी मी प्रथमच तो नीट पाहिला आणि माझ्या पोटात गोळा उठला. अगत्तीहून मुंबईला येणारा सरळ मार्ग किनाऱ्याला धरून येत नाही. तो जवळजवळ नाकासमोर उत्तरेला जातो, आणि किनारा पुष्कळ पूर्वेला राहतो. वेंगुर्ले ज्या अक्षांशावर आहे तिथे जहाज येईल तेव्हा मधले अंतर साठ-पासष्ट सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे एकशे पंधरा किलोमीटरांचे असणार. एवढ्या उंच मजल्यावरूनही क्षितिज फार तर वीस किलोमीटरांवर. पृथ्वी गोल आहे हे मी शाळेत शिकलो होतो. तिचा राग मला त्या दुपारी पहिल्यांदा आला.

आता आईला सांगायचे कसे? एक विचार असा आला, की सांगूच नये. दुपारनंतर पूर्वेला करड्या धुक्याचा एक पट्टा उभा राहिला होता. तोच किनारा म्हणून दाखवावा. पंच्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांना काय कळणार आहे? मी खरेच तसे ठरवून वर गेलो. पेडण्याचा तो मुलगा भेटला. त्याने विचारले, आजी सारखी तिकडेच का बघते? मी त्याला धुक्याचा बेत सांगितला. तो काही बोलला नाही. पेले उचलून निघून गेला. त्याच्या न बोलण्यामुळे म्हणा किंवा कशामुळे म्हणा, माझा बेत तिथेच मोडला.

साडेचारला मी आईजवळ बसलो आणि मोबाइलवरचा नकाशा पाहू लागलो. जहाज ताशी तेरा-चौदा सागरी मैलांनी चालले होते. आकडे चढत होते. पंधरा अंश चाळीस कला, पंचेचाळीस कला. आईने विचारले, “काय बघतोस?”

“वेंगुर्लं कुठे आलं ते.”

“आलं का?”

“येतंय. पण आई, दिसायचं नाही. फार लांब आहे. बोट किनाऱ्यावरून जात नाहीये.”

ती गप्प राहिली. मग म्हणाली, “ते मला सकाळीच कळलं. पाण्याचा रंग बघ ना. किनाऱ्याचं पाणी असं निळं नसतं.”

म्हणजे सकाळपासून ती हे जाणून होती आणि तरी त्याच बाजूला बसून राहिली होती. आणि मी तिला धुके दाखवणार होतो!

पाच वाजता जहाजावर एक घोषणा झाली: शेवटच्या सूर्यास्तासाठी उतारूंनी वरच्या मजल्यावर यावे, वाद्यवृंद वाजेल, छायाचित्रे काढली जातील. पाहता पाहता सगळे जहाज पश्चिमेच्या कठड्यावर लोटले. मुले खांद्यावर, पेले हातात. एखाद्या अंगावर झुकल्यासारखे मला ते जहाज वाटले. अर्थात तो भास. पूर्वेच्या बाजूला खुर्च्यांच्या रिकाम्या रांगा होत्या आणि आम्ही दोघे.

सव्वापाचच्या थोडे पुढे पंधरा अंश एक्कावन कला झाल्या. मी म्हणालो, “आई, आता बरोबर समोर.”

“कुठे, हात दाखव.”

मी हात लांब केला. तिने काठी बाजूला ठेवली, कठडा धरला आणि उठून उभी राहिली. चार दिवसांत ती आधाराशिवाय उभी राहिली नव्हती. मी दंड धरायला गेलो, तिने मानेनेच नको म्हटले. तिथे काही नव्हते. निळे पाणी, पुढे तो करडा पट्टा आणि त्याच्यावर उन्हात गुलाबी होत चाललेला एक ढग. आईने पदर डोक्यावरून सारखा केला. मग उजवा हात वर करून तिने हलवला. फार नाही, माणूस ओटीवरून हाक मारणाऱ्याला उत्तर देतो तेवढाच. पाठीमागे सूर्य कलत होता आणि लोक टाळ्या वाजवीत होते.

ती दहाएक मिनिटे उभी राहिली. मी आकड्यांकडे पाहत होतो. ते केव्हाच पुढे गेले होते. मालवणच्या समोर येईपर्यंत आईने तोंड फिरवले नाही, असे मी लिहिले तर ते छान दिसेल, पण तसे झाले नाही. वारा गार झाला, तिचे गुडघे थरथरू लागले आणि ती म्हणाली, “चल, आत जाऊ. आणि त्या पोराला सांग, पेज छान होती. मीठ जरा कमी होतं.”

रात्री आम्ही पेट्यांना पट्ट्या बांधून त्या दाराबाहेर ठेवल्या. दोन्ही बाजूंच्या दारांपुढे पेट्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढीत मी जहाजाच्या शेवटच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. आई झोपली नव्हती. अंधारात तिने मला मालवणीत काहीतरी विचारले. मी “काय?” म्हणालो. तिने ते मराठीत पुन्हा सांगितले नाही. तेच वाक्य सावकाश, शब्द सुटे करून पुन्हा उच्चारले. दुसऱ्या खेपेस मला ते कळले. ती खिडकीचा पडदा उघडा ठेव म्हणत होती.

सकाळी मुंबई. बॅलार्ड पिअरला जहाज लागले, पुलावरून चालत आम्ही जमिनीवर आलो, आणि आईने पहिली तक्रार केली ती जमीन हलते आहे ही. सबंध दिवस एका नातलगाकडे काढून रात्री हैदराबादची गाडी पकडायची होती. फलाटावर मी डब्याचा क्रमांक शोधीत होतो, तेव्हा आईने डब्यावरची पाटी अक्षर अक्षर लावून वाचली. आमच्या गाडीचे नाव हुसेनसागर एक्सप्रेस.

“याला भरती कधी येते?” तिने विचारले, आणि या वेळी ती हसली.